चादर झटका, दुकान सटका!

बार्सिलोनाच्या फुटपाथवरचं दुकान किती वेळात बंद होतं, माहीत आहे का? पोलीस दिसले की क्षणात! पांढऱ्या चादरीच्या चारही कोपऱ्यांना दोऱ्या, दोऱ्यांची टोकं विक्रेत्याच्या मुठीत. एक हिसका, की डुप्लिकेट पर्स, गॉगल, बूट सगळं गाठोड्यात, गाठोडं पाठीवर आणि गडी पसार!

अशा विक्रेत्यांना तिथे ‘मांतेरो’ म्हणतात. बरेचसे सेनेगलचे. 2015 मध्ये त्यांनी चक्क युनियन काढली, 2017 मध्ये ‘टॉप मांता’ हा कपड्यांचा ब्रँड आणि 2021 मध्ये स्वतःचे स्नीकर्स! डुप्लिकेट विकणाऱ्यांचा ब्रँड एकदम ओरिजिनल. कोविडमध्ये त्यांच्याच शिलाई मशीनवर मास्क शिवले गेले.

पण चादरच का? कागदपत्रं नाहीत, तर नोकरी नाही. आणि कागदपत्रं हवीत, तर आधी स्पेनमध्ये राहून दाखवा. कित्येक वर्षं ही अट तीन वर्षांची होती. तोवर पोट कसं भरायचं? रस्त्यावर! त्यात पकडले जाऊन गुन्हा नोंदला गेला, की कागदपत्रं आणखी लांब. हा पेच माणसांनी नाही, नियमांनी घातलाय, आणि तो सुटायलाच हवा.

बाहेरून आलेल्यांचं आणखी एक काम ऐका. ठण्ण ठण्ण! जुन्या बार्सिलोनात हा आवाज आला, की समजा गॅस आला. नारिंगी सिलिंडर खांद्यावर घेऊन बिनलिफ्टच्या इमारती चढणाऱ्यांत पाकिस्तानी तरुण भरपूर.

आता जंप मारू इटलीतल्या पालेर्मोत! 1624 च्या प्लेगमधून शहराला वाचवणारी म्हणून पुजली जाते ती सांता रोझालिया. तिच्या डोंगरावर दर्शनाला कोण जातं, माहीत आहे का? श्रीलंकेचे तमिळ हिंदूसुद्धा!

आणि लिस्बन? दंतकथा सांगते, 1147 मध्ये मार्तिम मोनीझ या सरदाराने मूरांच्या किल्ल्याच्या दारात स्वतःला अडकवून दार उघडं ठेवलं आणि जीव दिला. त्याच्या नावाच्या चौकाभोवती आज बांगलादेशी, चिनी, नेपाळी, आफ्रिकी दुकानांची नुसती झुंबड! गल्लीत शिरलात, की बासमतीची पोती, हलाल मटण, मोबाइल रिपेअर, सगळं हाताशी.

कॅफेच्या काचेआड समोसा दिसला, तर दचकू नका. तो ‘शामुसा’, गोवा-मोझांबिकशी जुनं नातं असलेला पक्का लिस्बनकर.

आणि हा सिक्सर! 2015 ते 2024 पोर्तुगालचे पंतप्रधान असलेल्या अंतोनियो कोश्ता यांना घरी ‘बाबुश’ म्हणतात; वडील गोव्यातल्या मडगावात वाढलेले. लिस्बनचे महापौर असताना, 2011 मध्ये, या बाबुशनी आपलं ऑफिस थाटलं कुठे? मार्तिम मोनीझच्या याच बहुरंगी वस्तीला खेटून, बदनाम समजल्या जाणाऱ्या इंतेंदेंत चौकात!