गोधडीची नक्षी आणि नक्षीची नावे
(पालघर-बोईसर-तारापूर परिसराच्या निमित्ताने)

जुनेर वस्त्रांचे थर एकावर एक घालून व धावदोऱ्याने शिवून जे अंथरूण-पांघरूण सिद्ध होते त्यास आपण गोधडी म्हणतो. ती घरोघरी असते. म्हणूनच अभ्यासकाचे तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. अलीकडे मात्र रंगीत, हातशिवणीच्या गोधडीस शहरात मागणी आली असून शिवणाऱ्या स्त्रियांस व त्यांना मार्गदर्शन करणाऱ्यांस ‘नवी नक्षी कोठून आणावी?’ हा प्रश्न पडू लागला आहे. प्रश्न कलेचा दिसतो. परंतु त्याचा निम्मा भाग भाषेचा आहे. नक्षी टिकते ती तिला नाव असते म्हणून, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झालेला पालघर जिल्हा, व त्यातही बोईसर-तारापूरचा पट्टा, ह्या प्रतिपादनाची परीक्षा घेण्यास विशेष सोयीचा आहे. तो का, हे ओघाने येईल.

१. वस्तूची नावे

प्रथम वस्तूच्याच नावांचा विचार करू. संस्कृतातील ‘कंथा’ हा शब्द विरक्ताच्या, ठिगळाठिगळांच्या वस्त्रास लावलेला आढळतो. भर्तृहरीच्या वैराग्यशतकात तो आहे. बंगालीत तोच ‘काँथा’ ह्या रूपाने घरगुती रजईचे नाव झाला. मराठीत मात्र कंथा जोग्याच्या खांद्यावर राहिली. घरातील वस्तूस तिने नाव दिले नाही. ते काम ‘वाकळ’ व ‘गोधडी’ ह्या दोन शब्दांनी केले.

‘वाकळ’ शब्दाचा संबंध ‘वल्कला’शी जोडतात व ध्वनिनियमांच्या दृष्टीने तो निर्दोष आहे. ‘ल्क’ ह्या जोडाक्षराचे प्राकृतात ‘क्क’ होऊन ‘वक्कल’; पुढे द्वित्व जाऊन पूर्वीचा स्वर दीर्घ झाला, जसा ‘सप्त-सत्त-सात’ ह्यात होतो; आणि स्वरांमधील एकेरी ‘ल’चा ‘ळ’ झाला, जसा ‘फल-फळ’, ‘काल-काळ’ ह्यांत. झाडाच्या सालीपासून चिंध्यांच्या पांघरुणापर्यंतचा हा अर्थप्रवास मोठा आहे खरा. पण दोहोंत ‘गरिबाचे अंगावरचे आच्छादन’ हा समान अंश आहे.

‘गोधडी’चे प्रकरण इतके सरळ नाही. हिंदीत ‘गुदडी’, गुजरातीत ‘गोदडी’, मराठीत मात्र ‘गोधडी’. शब्दाच्या मध्यभागी व अंती महाप्राण टाकून देण्याकडे मराठीचा कल आहे. ‘हस्त’पासून गुजरातीत ‘हाथ’ झाला, मराठीत ‘हात’. मग जेथे शेजारच्या भाषांत ‘द’ आहे तेथे मराठीत ‘ध’ कसा? ‘धडुते’, ‘धडपा’ ह्या वस्त्रवाचक शब्दांच्या साहचर्याने तो शिरला असावा, असा तर्क करता येईल. बोलणाऱ्याच्या मनात ‘धड’ हा अंश जागा असला म्हणजे ‘गोदडी’ची ‘गोधडी’ होणे स्वाभाविक आहे. उलट, महाप्राण मूळचाच असून इतर भाषांनी तो गमावला, असाही पक्ष संभवतो. ह्या दोहोंतील निवाडा कोशांवरून होणार नाही; त्यासाठी मराठी-गुजराती सीमेवरील उच्चार टिपावे लागतील. डहाणू-तलासरीचा भाग त्यासाठी हाताशीच आहे.

आणखी दोन शब्द ध्यानात घ्यावेत: ‘दुपटे’ आणि ‘चौघडी’. पहिल्यात दोन पट, दुसऱ्यात चार घड्या. म्हणजे नावातच वस्तूची घडण सांगितली आहे. ‘चौघडी’च्या शेजारी ‘चौकट’, ‘चौकडी’, ‘चौक’ (चतुष्क-चउक्क-चौक) हे शब्द मांडले की, दार, कापड, भूमी आणि अंथरूण ही एकाच ‘चौ-’ने बांधलेली दिसतात. पुढील विवेचनात ह्याचा उपयोग होईल.

२. नक्षीची पहिली दोन उगमस्थाने : टाका आणि काठ

नक्षी बाहेरून आणून गोधडीवर बसविली जाते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती अशी की, पहिली नक्षी शिवणीतूनच निघते. वर एक लुगडे, खाली एक लुगडे, मधे जुनेराचे थर. प्रथम चारही कडा बांधावयाच्या, व मग कडेपासून बोटाबोटाचे अंतर राखून धावदोरा आत आत नेत मध्यावर संपवावयाचा. ह्यात सोय अशी की, थर सरकत नाहीत व शिवणारीस मांडी घालून, गोधडी फिरवीत काम करता येते. परिणामी एकात एक बसलेल्या चौकटींची आकृती आपोआप उमटते. बंगालच्या नक्षीदार काँथेत ह्याच्या उलट, मध्यावरील कमळास प्राधान्य असते व बाकीची रचना त्याच्याभोवती होते. एकच धावदोरा, पण एकीकडे कडेकडून मध्याकडे, दुसरीकडे मध्याकडून कडेकडे. तेव्हा नवी नक्षी शोधणाऱ्याने आधी आपल्या दोऱ्याचा मार्ग पाहावा, हे उत्तम.

दुसरे उगमस्थान म्हणजे कापड. नऊवारी लुगड्याचा काठ हा लांब, अरुंद व टिकाऊ असतो; अंगचे पोत विरले तरी काठ धड राहतो. म्हणून तो गोधडीच्या कडेस लागतो, आणि त्याबरोबर त्याची नक्षीही येते: करवतीचे दाते असलेला करवती काठ, रुईफुलाचा काठ. नावे पाहिली तर करवत सुताराची, रुई माळावरची. रंगांचेही तसेच. डाळिंबी, अंजिरी, मोरपिशी, शेवाळी, गुलबक्षी हे सारे शब्द वस्तूंवरून आलेले आहेत. बर्लिन व के ह्यांनी १९६९ साली मूलभूत रंगवाचक शब्दांची जी मीमांसा केली तिच्यात अशा वस्तुनिष्ठ नावांना मूलभूताचे स्थान नाही. परंतु गोधडी शिवणारीस ‘लाल’ हा शब्द पुरत नाही, तिला डाळिंबी व कुंकवी ह्यांतील भेद करावाच लागतो. येथे एक व्यावहारिक सूत्रही सांगावेसे वाटते. दुरून पाहताना नक्षी उठून दिसते ती रंगाच्या नावामुळे नव्हे, उजळ आणि गडद ह्यांच्या विरोधामुळे. तांबडा व हिरवा सारखेच गडद असतील तर त्यांतील रेषा हरवते. फिकट लिंबी व गडद जांभळा शेजारी आले की साधा चौकोनही बोलू लागतो.

३. दोन तुकड्यांचे व्याकरण

तुकडे जोडून केलेल्या नक्षीचा विचार भाषाभ्यासकास विशेष परिचित वाटेल. एक उजळ व एक गडद असे दोन सारखे चौकोन घ्यावेत, दोन्ही कर्णावर कापावेत, आणि उजळ अर्धा गडद अर्ध्यास जोडावा. जो द्विरंगी चौकोन मिळतो तो चार प्रकारे ठेवता येतो. असे चार चौकोन दोन-दोनांच्या ओळींत मांडले, तर मांडणीचे प्रकार ४×४×४×४, म्हणजे २५६ होतात. गोधडी फिरवून पाहिली असता ज्या आकृती सारख्याच ठरतात त्या एकच धरल्या तरी ७० उरतात. फ्रान्समध्ये सेबास्तियाँ त्रुशे ह्याने १७०४ साली अशाच द्विरंगी चौकोनांच्या संयोगांवर निबंध लिहिला होता.

आता पाहावे की, ह्या ७० पैकी किती आकृती घरात ओळखल्या जातात? चारही गडद कोन एकाच दिशेने वळविले म्हणजे भिंगरी. गडद भाग मध्याशी एकत्र आणले म्हणजे शंकरपाळे. एकाआड एक उलटसुलट ठेवले म्हणजे नागमोड. सारे एकाच दिशेने ठेवले म्हणजे करवतीचे दाते. ज्या आकृतीस स्वयंपाकघरात, खेळात वा शेतात जोडीदार सापडतो, तिला मराठीत तयार नाव आहे. बाकीच्या आकृती शक्य आहेत, पण अनाम आहेत. आणि अनाम असल्यामुळे त्या एकीकडून दुसरीकडे सांगता येत नाहीत. मोजक्या वर्णांपासून असंख्य अक्षरसमूह संभवतात, परंतु भाषा त्यांतील थोड्यांनाच शब्दाचा दर्जा देते. तोच प्रकार येथे आहे. ‘पुढच्या ओळीत शंकरपाळे उलटे घे’ असे एकीने दुसरीस सांगितले की नक्षीचे शिक्षण पुरे होते. तेथे कागद लागत नाही, शब्द लागतो.

४. वारली चौक आणि सावधगिरी

पालघर जिल्ह्यात नक्षीचा विषय निघाला की वारली चित्रांचे नाव येणारच. वारली समाजाचा अभ्यास के. जे. सावे ह्यांनी १९४५ साली ग्रंथरूपाने मांडला; चित्रांचे सविस्तर विवेचन यशोधरा दालमिया ह्यांच्या १९८८ च्या ग्रंथात आहे. लग्नप्रसंगी सवासिनी कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने जो चौक लिहितात, त्याच्या मध्यभागी पालघाट देवी असते व भोवती रेषांच्या, त्रिकोणांच्या, साखळीच्या पट्ट्यांची चौकट असते. १९७० नंतरच्या दशकात भास्कर कुलकर्णी ह्यांच्या प्रयत्नांनी ही कला बाहेरच्या जगापुढे आली आणि गंजाडचे जिव्या सोमा म्हसे (१९३४-२०१८) ह्यांनी तिला कागदावर स्वतंत्र रूप दिले. त्यांस २०११ साली पद्मश्री मिळाली.

चौकाची पट्ट्यापट्ट्यांची चौकट आणि गोधडीची आत आत जाणारी चौकट ह्यांत साम्य आहे, ह्यात शंका नाही. तारप्याच्या नाचातील वळत जाणारी रांगही दोऱ्याच्या मार्गाची आठवण करून देते. तथापि साम्य म्हणजे उगम नव्हे. एकात एक चौकटी ही आडव्या-उभ्या धाग्यांच्या कापडातून, सरळ शिवणीतून कोठेही निघू शकणारी रचना आहे. अमेरिकेतील अलाबामा राज्यात जीज बेंड येथील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गोधड्यांत हीच आकृती प्रमुख असून तिचे नाव ‘घराचे छप्पर’ अशा अर्थाचे आहे. त्या स्त्रियांनी वारली चौक पाहिला नव्हता. तेव्हा भाषेत जो नियम आपण पाळतो तोच येथे पाळावा: दोन शब्द सारखे दिसले म्हणून ते एका मुळाचे ठरत नाहीत.

ह्याचा व्यावहारिक अर्थ असा की, गोधडीवर वारली माणसे व झाडे टाचून ती ‘पालघरची गोधडी’ होत नाही. चौकातून घेण्यासारखे आहे ते त्याचे गणित: पट्ट्यांचा क्रम, मध्य मोकळा राखण्याची रीत, दाट व विरळ ह्यांचा तोल. आणि चौक हे लग्नविधीचे अंग आहे. त्यातील देवीची आकृती अंथरुणावर घालावी की नाही, हा निर्णय ज्यांचा चौक आहे त्यांचा आहे.

५. बोईसर-तारापूर : शब्दांचे संमेलन

आता आरंभीच्या ‘का’चे उत्तर. किनाऱ्यावरील मांगेली, वाडवळी ह्या बोली, पूर्वेकडील वारली व कोकणा, उत्तरेची गुजराती ह्यांचा शेजार ह्या पट्ट्यास जुना आहे. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०५ च्या मराठी खंडात वाडवळी व वारली ह्यांची नोंद आहे, डॉ. अ. मा. घाटगे ह्यांनी ठाण्याच्या वारलीवर १९६९ साली स्वतंत्र ग्रंथ दिला. त्यानंतर तारापूरच्या औद्योगिक वसाहतीमुळे उत्तर भारत, बिहार, बंगाल येथील कामगार कुटुंबे बोईसर परिसरात आली. त्यांच्या मुलखांत गुदडी, सुजनी, काँथा ह्या वस्तू व ते शब्द रूढ आहेत. दक्षिणेस उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रियांच्या ‘कवंदी’स चार कोपऱ्यांत त्रिकोणी घड्यांचे ‘फुला’ लावल्याखेरीज ती पुरी झाली असे मानीत नाहीत. हा ‘फुला’ आपल्या ‘फुला’हून दूरचा नाही. नक्षीच्या शोधात असलेल्यास दूरदेशीचे नमुने पाहण्यापूर्वी शेजारच्या घरात काय अंथरले आहे हे पाहणे अधिक लाभदायक ठरावे.

६. कर्तव्य

बाजारात गेलेल्या गोधडीस क्रमांक मिळतो, नाव जाते. मापाच्या कापडावर आखून दिलेली नक्षी शिवताना ‘भिंगरी’ म्हणण्याची गरज उरत नाही, आणि जो शब्द लागत नाही तो एका पिढीत संपतो. ‘ठिगळ’ ह्या शब्दाकडेच पाहावे: व्यवहारात त्याला तात्पुरत्या डागडुजीचा हीन अर्थ आला आहे, परंतु शिवणारीच्या तोंडी ते ठरवून बसविलेल्या तुकड्याचे नाव असू शकते. हा दुसरा अर्थ कोश तपासून हाती लागणार नाही.

म्हणून पदव्युत्तर विद्यार्थ्यांस सूचना अशी: क्षेत्रकार्यात गोधडी पाहिली तर केवळ छायाचित्र घेऊन थांबू नये. वस्तूचे नाव, थरांची नावे, टाक्याचे नाव, कोपऱ्याचे नाव, प्रत्येक आकृतीचे व प्रत्येक रंगाचे नाव शिवणारीच्याच उच्चारात लिहून घ्यावे. ‘द’ की ‘ध’ हे कान देऊन ऐकावे. ती नक्षी कोणाकडून शिकली व तिला काय म्हणून सांगितले गेले, हे विचारावे. आकृती आपण सुचवू नये व नावही सुचवू नये. एका गोधडीमागे पंधरा-वीस शब्द मिळाले, तरी तालुक्यातील थोड्या घरांतून एक उपयुक्त शब्दसूची उभी राहील. तिचा लाभ दोघांस होईल: बोलींचा नकाशा करणाऱ्यास, आणि उद्या नवी नक्षी शोधीत बसणाऱ्या शिवणारीस.