आधी ताकद, मग स्नॅच?

वर्ष-दोन वर्षं नियमित स्क्वॉट, डेडलिफ्ट आणि प्रेस करणाऱ्याला स्नॅच किंवा क्लीन अँड जर्क शिकावंसं वाटलं, की जिममध्ये एक सल्ला हमखास मिळतो: आधी भरपूर ताकद कमव, हे नंतर बघू. सल्ला काळजीपोटी दिलेला असतो, पण त्यामागचं गृहीतक चुकीचं आहे. ताकद वाढली की या लिफ्ट आपोआप जमतील, असं त्यात धरलेलं असतं. वेटलिफ्टर मीराबाई चानूचे आकडे बघा. टोकियो ऑलिंपिकमध्ये ४९ किलो गटात तिने स्नॅचमध्ये ८७ किलो उचलले आणि क्लीन अँड जर्कमध्ये ११५. पाय तेच, पाठ तीच, दिवसही तोच, तरी २८ किलोंचा फरक. कारण स्नॅचमध्ये रुंद पकडीने बार एकाच दमात डोक्यावर न्यावा लागतो. क्लीनमध्ये तो खांद्यांवर घेऊन पुन्हा श्वास घेता येतो. म्हणजे किती वजन जाईल हे नुसत्या ताकदीवर ठरत नाही. बार किती वेगाने आणि किती उंच जातो, आणि आपण त्याखाली किती वेळेवर पोहोचतो, यावरही ते ठरतं. कमाल वजनाचा डेडलिफ्ट रेंगाळत वर गेला तरी पूर्ण होतो. स्नॅच हळू करताच येत नाही. बार मांड्यांच्या वरच्या भागाशी आला की डेडलिफ्ट जवळजवळ संपलेला असतो. स्नॅचचा खरा जोर तिथेच सुरू होतो.

म्हणून ही कौशल्यं आहेत आणि ती कौशल्यासारखीच शिकावी लागतात: शरीर ताजं असताना, हलक्या वजनावर, थोड्या रेप्समध्ये, आठवड्यातून अनेकदा. वॉर्मअपनंतर पहिली वीस-तीस मिनिटं, दोन-तीन रेप्सचे सेट, आठवड्यातून दोन-तीन दिवस, आणि त्यानंतर नेहमीचा स्क्वॉट-प्रेस. या क्रमाने केलं तर जुन्या वेळापत्रकातलं फारसं काही सोडावं लागत नाही. जड डेडलिफ्टनंतर थकलेल्या पाठीने स्नॅच करणारा मात्र चुकीची हालचालच पक्की करत जातो. एका सेटमध्ये पंधरा रेप्स करण्याचा मोहही तितकाच घातक आहे, कारण शेवटच्या पाच रेप्समध्ये हात लवकर वाकतात, बार शरीरापासून लांब जातो आणि शरीर नेमकं तेच लक्षात ठेवतं. पुरुषांचा स्पर्धेचा बार २० किलोंचा असतो, महिलांचा १५ किलोंचा. नवशिक्याला रिकामा बारही जड वाटला, तर साधी काठी घेण्यात कमीपणा मानू नये.

ताकद घटेल ही भीतीही वारंवार ऐकू येते. स्पर्धेत उतरणारे वेटलिफ्टर बॅक स्क्वॉट, फ्रंट स्क्वॉट आणि जड पुल करतच असतात. ताकदीशिवाय त्यांचंही चालत नाही. फक्त पाठीवरचा एकूण भार मोजायला हवा: क्लीन सुरू केल्यावर डेडलिफ्टचे सेट थोडे कमी करावे लागतात. दुसरीकडे, केवळ स्नॅच-क्लीन करून छाती-दंड भरतील असं मानणंही चूक आहे. या लिफ्टमध्ये वजन सावकाश खाली आणण्याचा भाग जवळपास नसतो. स्नायू वाढवायचे असतील तर प्रेस, रो आणि स्क्वॉट हवेतच.

सर्वांत गंभीर आक्षेप दुखापतीचा, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. सांगलीच्या संकेत सरगरने २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात एकूण २४८ किलोंसह रौप्य जिंकलं, तेव्हा क्लीन अँड जर्क करताना त्याच्या कोपराला दुखापत झाली होती. पण त्या प्रयत्नातलं वजन त्याच्या शरीराच्या वजनाच्या दुपटीहून जास्त होतं आणि पणाला पदक होतं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक संशोधन-आढाव्यात वेटलिफ्टिंगमध्ये दर हजार तासांमागे २.४ ते ३.३ दुखापती आढळल्या; स्क्वॉट, बेंच प्रेस आणि डेडलिफ्ट एवढ्यावरच चालणाऱ्या पॉवरलिफ्टिंगमध्ये १ ते ४.४. आठवड्याला चार तास व्यायाम करणाऱ्याला हजार तास भरायला जवळपास पाच वर्षं लागतील. ज्या व्यायामांना आपण सुरक्षित समजतो त्यांच्याहून या लिफ्ट उघडपणे जास्त धोकादायक आहेत, असं हे आकडे सांगत नाहीत. मुलांची उंची खुंटते या समजालाही पुरावा नाही. मुलांना जाणकाराची देखरेख मात्र हवीच.

मग प्रत्येकाने हे शिकलंच पाहिजे का? नाही. उडी आणि स्फोटक जोर वाढवायचा एवढाच हेतू असेल, तर उड्यांचे व्यायाम कमी वेळात चांगला फायदा देतात. खांद्यांची हालचाल अडत असेल, तर बार डोक्यावर स्थिर धरता येईपर्यंत स्नॅच थांबवलेला बरा. तोवर पूर्ण न बसता घेतलेला पॉवर क्लीन पुरेसा आहे. आपल्याकडच्या बहुतेक जिममध्ये रबरी प्लेट्स आणि बार टाकण्याजोगी फरशी नसते, ही अडचण खरी आहे. तिथे जमिनीऐवजी मांड्यांपासून सुरुवात करावी आणि हातांनी अलगद खाली घेता येईल एवढंच वजन ठेवावं. जाणकार प्रशिक्षक रोज मिळत नसेल, तर बाजूने मोबाइलवर व्हिडिओ काढून बार शरीराजवळून जातोय का आणि हात कधी वाकतात हे प्रत्येक सेटनंतर पाहावं. दोन्ही ठीक दिसेपर्यंत प्लेट वाढवू नये.