वेग एका टेबलाचा, वेळ साऱ्या संस्थेचा

समजा, उत्तरपत्रिका तपासून गुण नोंदवण्याचे काम चालू आहे. रोज १०० उत्तरपत्रिका तपासून होतात आणि तेवढ्यांचेच गुण नोंदवून होतात. दोन टेबलांमध्ये ३०० उत्तरपत्रिकांचा गठ्ठा आहे. म्हणजे तपासलेली प्रत्येक उत्तरपत्रिका तीन दिवस नुसती पडून राहते. आता तपासणीचा वेग १५० केला, तर निकाल लवकर लागेल का? नाही. नोंदणी १०० वरच असल्याने गठ्ठा रोज ५० ने वाढेल. चार दिवसांनी तो ५०० होईल आणि थांबण्याचा काळ पाच दिवसांवर जाईल. तपासणीचा वेग वाढला, संस्थेचा नाही.

काम स्थिर गतीने चालू असताना सरासरी साठा = सरासरी वेग × थांबण्याचा सरासरी काळ. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये हे सूत्र सिद्ध केले. वेग तोच ठेवून साठा निम्मा केला, तर थांबण्याचा काळही निम्मा होतो.

जपानच्या टोयोटा कंपनीत ताईची ओनो यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर नेमके या साठ्यावरच बोट ठेवले. पुढच्या टप्प्याने जेवढे भाग वापरले, तेवढेच मागच्याने बनवायचे. ‘कानबान’ नावाची चिठ्ठी तसा निरोप मागे नेते. दोष दिसताच कामगार दोरी ओढून मदत मागतो; तो वेळेत दूर झाला नाही, तर काम थांबते. अशा पद्धतीला ‘लीन’, म्हणजे सडसडीत, हे नाव १९८८ मध्ये जॉन क्राफ्चिक यांनी दिले.

ही पद्धत एकाच विभागात का टिकत नाही, हे आता लक्षात येईल. स्वस्त मिळतो म्हणून खरेदी विभागाने सहा महिन्यांचा माल आणला किंवा यंत्र रिकामे राहिले म्हणून हिशेब विभागाने ठपका ठेवला, की साठा पुन्हा वाढू लागतो.

‘सडसडीत’ म्हणजे माणसे कमी करणे, असाही समज आढळतो. १९५० मध्ये आर्थिक संकटात सापडलेल्या टोयोटाने कामगार कमी केले. मोठा संघर्ष झाला आणि अध्यक्ष कीइचिरो टोयोडा यांना पद सोडावे लागले. दोष दाखवला तर नोकरी जाईल अशी भीती असेल, तर दोरी कोण ओढेल? दोष मग लपूनच राहतील.

आपल्या शाळेत दाखल्यासाठी आलेल्या एखाद्या अर्जाचा प्रवास विद्यार्थ्यांसह मोजून पाहा. त्यावर प्रत्यक्ष काम किती मिनिटे झाले आणि तो किती दिवस पडून होता? सुधारणा कुठे हवी, ते या दोन आकड्यांवरून कळेल.