एक रुपयाची पुडी आणि नारेगावचा हिशेब

गुलमंडीवरील एखाद्या किरकोळ दुकानासमोर क्षणभर उभे राहावे. दाराशी शाम्पूच्या पुड्यांच्या रंगीत माळा लोंबत असतात. आत टूथपेस्टच्या नळ्या, ब्रश, द्रव साबणाच्या बाटल्या. गिऱ्हाईक एक पुडी तोडून घेते, पैसे टाकते आणि व्यवहार पुरा होतो. निदान दोघांना तसे वाटते.

खासगी खर्च आणि समाजाला पडणारा खर्च यांत तफावत असू शकते, हे पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली मांडले. वर्गात हे प्रकरण शिकविताना गिरणीच्या धुराड्याचे उदाहरण देण्याची प्रथा आहे. आपल्या शहराला इतके दूर जाण्याचे कारण नाही. वर्षानुवर्षे शहराचा कचरा नारेगावच्या माथी मारला गेला. १६ फेब्रुवारी २०१८ रोजी तेथील ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अडविल्या आणि रस्तोरस्ती ढीग साचले. मार्चमध्ये मिटमिट्यात दगडफेक व लाठीमार झाला. पुडीच्या किमतीत न धरलेली रक्कम ती हीच.

ब्रशचेच पाहा. २०११ च्या जनगणनेप्रमाणे शहराची लोकसंख्या ११ लाख ७५ हजार होती. त्यांतील निम्म्यांनीच दंतवैद्याच्या सल्ल्याप्रमाणे तीन महिन्यांनी ब्रश बदलला असे धरले, तरी वर्षाला साडेतेवीस लाख ब्रश होतात. एकाचे वजन पंधरा ग्रॅम मानल्यास सुमारे पस्तीस टन. दांडा एका प्लॅस्टिकचा, केस नायलॉनचे, ते धरून ठेवणारी धातूची पट्टी निराळी. हे वेगळे करण्याची मजुरी कोणाला परवडणार? पुडी तर इतकी हलकी की कचरा वेचणारी बाईही ती उचलत नाही. पोतेभर पुड्यांना भाव तो काय येणार!

येथे गरिबाला दोष देण्याचा मोह टाळावा. शाम्पू पुडीत कित्येकदा बाटलीपेक्षा स्वस्त पडतो. रोजंदारीवर जगणाऱ्याने पुडी घेणे हा शहाणपणाच आहे. तसेच ‘पूर्वीचे दंतमंजन बरे’ हा उसासाही तपासून घ्यावा. मिश्रीत तंबाखू असते आणि भरड पूड दातांचे कवच झिजविते. ब्रश राहणारच, मात्र बारीक दंतमंजन डब्यातून, साबण वडीच्या रूपात आणि शिकेकाई सुटी घेण्यात मध्यमवर्गाचे काही बिघडत नाही.

खरा भार उत्पादकावर हवा. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी तो टाकला, २०२२ मध्ये त्याचा तपशील ठरला. गुटख्याच्या प्लॅस्टिक पुडीस त्याच नियमांनी बंदी आहे, शाम्पूच्या पुडीस नाही. राज्याने २०१८ च्या अधिसूचनेत दुधाच्या पिशव्या पैसे देऊन परत घेण्याची तरतूद केली होती. हेच तत्त्व पुडीस लावावे: रिकाम्या पुड्या दुकानदाराने मोजून घ्याव्यात आणि मोबदला कंपनीने द्यावा. पुडीची किंमत त्यामुळे दहावीस पैशांनी वाढेल. ही वाढ गिऱ्हाइकाने सोसावी की कंपनीने नफ्यातून, हा वाद जरूर व्हावा. आजवर ती नारेगावने सोसली आहे.