गायरानातले उंदीर कोणाचे?



बाजरी निसवली, कणसात दूध भरले, की पहाटे शेतावर गेलेल्या माणसाला बांधाकडेच्या चार-दोन ओळी आडव्या झालेल्या दिसतात. ताटे बुडाशी तिरपी कातरलेली आणि कणसे गायब! शेतकरी माग काढीत निघतो. माग बांध ओलांडतो, पाणंद ओलांडतो आणि थेट गायरानात, पाझर तलावाच्या भरावात किंवा शाळेच्या पटांगणाच्या कडेला जाऊन संपतो. तेथे शेतकरीही थांबतो, कारण तेथून पुढची जमीन त्याची नसते.

आपल्या रानातला उंदीर मारायचा कसा, हे बहुतेकांना ठाऊक आहे. पण सार्वजनिक जागेतल्या उंदराचा धनी कोण? शेतकरी म्हणतो, ते पंचायतीने पाहावे. पंचायत म्हणते, ते शेतीखात्याचे काम. शेतीखाते सल्ला देते, पण गायरानात कुदळ घेऊन कोणी जात नाही. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कोणी, एवढ्यावरच गोष्ट अडते आणि तोवर उंदरांची दुसरी वीण बाहेर पडते.

पठारावर हा प्रश्न अधिक बोचतो

आळेफाट्याहून नगरकडे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरकडे जाताना बेल्हे मागे पडले की आणे घाट लागतो. घाट चढून वर गेले की आणे पठार. खाली बागायत दिसते. वर मात्र बहुतेक शेती आभाळाच्या भरवशावर. बाजरी, मटकी, हुलगा, कांदा, ज्वारी, हरभरा यांवर संसार चालतो. अशा रानात शेतांच्या मध्ये माळ, गायरान, ओढ्याचे काठ आणि दगडी ताली पुष्कळ असतात. तेथे नांगर फिरत नाही, पाणी साचत नाही, म्हणून उंदराचे घर वर्षभर शाबूत राहते. पीक उभे असले की तो शेतात जेवतो आणि पीक निघाले की माळावर राहतो.

हिशेब करून पाहा. पाव किलो वजनाचा उंदीर रोज आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतके खातो असे धरले, तरी दिवसाला पंचवीस ग्रॅम आणि वर्षाला नऊ किलो धान्य झाले. खाण्याहून नासाडी जास्त. शिवाय काळा उंदीर कणसे ओढून नेऊन बिळात कोठार भरतो, ते वेगळेच. मादीचा गर्भकाळ जेमतेम तीन आठवड्यांचा. एका वेळी सहा-आठ पिले होतात आणि ती तीनेक महिन्यांत स्वतः वीत सुरू करतात. म्हणून एकट्याने आपले शेत साफ केले, तरी रिकामी झालेली बिळे शेजारच्या माळावरचे उंदीर लवकरच भरून काढतात. औषधाला दोष देण्यात अर्थ नाही.

आधी चोर ओळखा

इंग्लंड-युरोपात क्रीडांगणे आणि हिरवळी पोखरणारा ‘मोल’ नावाचा प्राणी आहे. तो जमिनीखाली बोगदे काढतो आणि वर मातीचे ढीग टाकतो. तो गांडुळे व किडे खातो. आपल्या महाराष्ट्रात हा प्राणी नाही. आपल्या पटांगणात ढीग दिसले तर ते काम बहुधा काळ्या उंदराचे किंवा घुशीचे असते. ताज्या भुसभुशीत मातीचा ढिगारा आणि मातीने बुजवलेले तोंड ही काळ्या उंदराच्या बिळाची खूण. माळरानावर उघड्या तोंडाची बिळे दिसली, तर तेथे लांब गोंडेदार शेपटीचा, उड्या मारीत पळणारा माळउंदीर असण्याचा संभव जास्त.

चिचुंद्रीला मात्र या यादीत घालू नका. लांब नाकाची, उग्र वासाची ही चिचुंद्री उंदीर नव्हे. ती मुख्यतः किडे व झुरळे खाते. तिला मारून आपला फायदा काही नाही.

राहते बीळ कोणते आणि ओसाड कोणते, हे कळण्याची साधी युक्ती आहे. संध्याकाळी सगळ्या बिळांची तोंडे ओल्या मातीने बंद करावीत. सकाळी जी उकरलेली दिसतील ती राहती. त्यांच्याजवळ काठी रोवून मोजणी करावी. निम्मे श्रम आणि निम्मा खर्च येथेच वाचतो.

सार्वजनिक जागेत विष नको

काही ठिकाणी वैतागलेला शेतकरी रात्री गायरानात एकट्यानेच विषाचे आमिष टाकून येतो. हेतू वाईट नसतो, पण परिणाम भयंकर होऊ शकतो. गायरानात शेळ्या-मेंढ्या चरतात, राखणीची कुत्री फिरतात. पटांगणात लहान मुले मातीत हात घालून खेळतात. झिंक फॉस्फाइड पोटात गेले तर त्यावर उतारा नाही. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून सुटणारा वायू माणसाचाही जीव घेतो. त्या गोळ्या फक्त सरकारी यंत्रणेने किंवा मान्यताप्राप्त प्रशिक्षित माणसांनीच वापरायच्या, असा नियम आहे. म्हणून शाळा, पटांगण, देवळाचे आवार, पाणवठा आणि गायरान या जागी विष टाकायचे नाही, हा गावाचाच नियम असावा.

मग तेथे करायचे काय?

१. खणणे व बुजवणे : माळावरची राहती बिळे कुदळीने खणून काढावीत. पश्चिमेकडच्या डोंगरातील कातकरी बांधवांची नजर या कामात तयार असते. बिळाची चोरवाट कोठे निघते, हे त्यांना तोंडावरून कळते. त्यांना योग्य मजुरी देऊन, मानाने बोलवावे. तलावाचा भराव मात्र मनाने खणू नये. तो ज्या खात्याचा आहे त्याला लेखी कळवावे, कारण उंदरांच्या बिळातून पाणी झिरपू लागले तर भरावच धोक्यात येतो.

२. सापळे : पिंजरे आणि खटक्याचे सापळे चालतात. तमिळनाडूतील तंजावर भागात बांबूचा धनुष्यासारखा सापळा शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या वापरतात. आपल्याकडचा बुरूडही तसा करू शकेल. तेल लावलेला भाकरीचा तुकडा किंवा सुकट आमिषाला लावावी. शाळेच्या पटांगणात सापळे शाळा सुटल्यावर मांडून, सकाळी मुले येण्याआधी उचलावेत.

३. पटांगणाची दुरुस्ती : बिळात माती नुसती ढकलून भागत नाही. बीळ उकरून, मुरूम भरून, पाणी मारून धुम्मस करावे. कडेचे गवत व दगडांचे ढीग काढावेत. पोषण आहाराचे धान्य पत्र्याच्या कोठीत ठेवावे आणि खरकटे उघड्यावर टाकू नये. आण्याला रंगदास स्वामींच्या पुण्यतिथीला आमटी-भाकरीचा मोठा महाप्रसाद होतो. असा उत्सव जेथे जेथे असेल, तेथे पंगती उठल्यावर उरलेसुरले अन्न त्याच दिवशी उचलावे.

४. निसर्गाचे राखणदार : गव्हाणी घुबड एका रात्रीत एक-दोन उंदीर सहज खाते आणि पिले असली तर त्याहून जास्त नेते. घुबड अपशकुनी ही समजूत आपल्यालाच महाग पडते. आपल्याच जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातील पिंगोरी गावी २०१८ साली इला फाउंडेशनने घुबडांचा उत्सव भरवून हा गैरसमज दूर करण्याचा प्रयत्न केला होता. इस्राएलमध्ये शेतकऱ्यांनी शेतात घुबडांसाठी पेट्या बसवल्या आहेत. आपण निदान बांधावर आडवी काठी बांधलेले पक्षीथांबे उभे करावेत आणि ढोलीची जुनी झाडे राखावीत. घुबड, मुंगूस आणि धामण यांना कायद्याचे संरक्षण आहे, हेही ध्यानात असू द्या.

उंदीर वाढले की त्यांच्यामागे नाग आणि घोणसही येतात. बिळात हात घालू नये. रात्री पायात जोडा आणि हातात विजेरी असावी. साप चावलाच तर मांत्रिकाकडे वेळ न घालवता दवाखाना गाठावा. पावसाळ्यात उंदराच्या मुतातून लेप्टोच्या तापाचाही धोका असतो. पायाला जखम असेल तर चिखलात अनवाणी उतरू नये.

आपल्या शेतात त्याच दिवशी

गायरानात खणणे चालू असताना उंदीर शेताकडे पळणार. म्हणून त्याच आठवड्यात भोवतालच्या सर्व शेतकऱ्यांनी आपापल्या बांधावर मोहीम करावी. येथे औषध वापरता येते. ब्रोमाडिओलोनची तयार वडी राहत्या बिळात खोलवर सरकवावी आणि तोंड बंद करावे. या औषधाने उंदीर काही दिवसांनी मरतो, म्हणून बाकीचे संशय घेत नाहीत. झिंक फॉस्फाइड वापरायचे असेल तर आधी दोन-तीन दिवस तेल लावलेले साधे धान्य ठेवून चटक लावावी. मग ९६ भाग भरडलेले धान्य, २ भाग गोडे तेल व २ भाग औषध असे आमिष काठीने कालवावे. हातमोजे घालावेत आणि भांडे पुन्हा घरात आणू नये. मेलेले उंदीर गोळा करून खोल पुरावेत, नाहीतर ते खाऊन घुबड, मांजर, कुत्रेही मरते. बांध रुंद असेल तर तो गरजेपुरताच ठेवावा. अरुंद बांधात बिळे कमी होतात.

वेळ साधली तर निम्मे काम झाले

रब्बी निघाल्यापासून पेरणीपर्यंतचा काळ, म्हणजे मे महिना, सर्वांत चांगला. शेतात दाणा नसतो, म्हणून उंदीर आमिषाला लवकर येतो. गवत वाळलेले असते, म्हणून बिळे दिसतात. पावसाळ्यातली वीण अजून पुढे असते. खरिपाच्या काढणीनंतर, रब्बीची पिके लहान असताना दुसरी फेरी करावी.

योग असा, की आपल्या ग्रामसभा याच वेळी येतात. १ मे आणि २ ऑक्टोबर या दोन्ही दिवशी गावोगावी ग्रामसभा भरते. त्या सभेत पुढील गोष्टी ठरवून इतिवृत्तात लिहून घ्याव्यात : मोहिमेचे दिवस, गायरान, पटांगण, पाणंद यांचे वाटे कोणत्या वस्तीकडे, मजुरी व सापळ्यांचा खर्च पंचायतीने किती उचलायचा, कोणत्या जागी विष टाकायचे नाही, आणि पंधरा दिवसांनी बिळांची पुन्हा मोजणी कोणी करायची. ही शेवटची मोजणी विसरू नका. जी बिळे पुन्हा उकरलेली निघतील तेथे लगेच दुसरा हात फिरवावा. शेजारच्या गावाच्या शिवेला लागून माळ असेल, तर त्यांनाही आठवडाभर आधी निरोप द्यावा.

गायरानातले उंदीर ना पंचायतीचे, ना शेजाऱ्याचे. ते साऱ्या गावाच्या कणगीतले वाटेकरी आहेत. गाव करी ते राव न करी, असे आपले वाडवडील सांगून गेले. येत्या १ मेच्या ग्रामसभेत हा विषय मांडायला कोणी तरी उठले पाहिजे. ज्याची बाजरी बांधाकडून आडवी झाली असेल, त्यानेच पहिले उठावे.