पार्लरमधल्या मुलींचे हात

लग्नसराई सुरू झाली की ब्युटी पार्लर आणि सलूनमध्ये पाय ठेवायला जागा नसते. पुढच्या महिन्याभरात तिथे काम करणाऱ्या मुली आमच्या ओपीडीत दिसू लागतात. बहुतेक जणी विशीच्या आसपासच्या, काम शिकायला लागून जेमतेम सहा-आठ महिने झालेल्या. तक्रार ठरलेली: हातांना खाज, बोटांच्या बेचक्यांत लाली, मग भेगा. तोवर औषधाच्या दुकानातून एखादं मलम आणून लावलेलं असतंच. त्यात स्टेरॉइड असलं की चार दिवस बरं वाटतं, मग त्रास पुन्हा उसळतो आणि कातडी पातळ होते ती वेगळीच.

हा हाताचा इसब. तो नव्या मुलींनाच जास्त का होतो, याचं उत्तर कामाच्या वाटणीत आहे. कटिंग आणि स्टायलिंग सीनियरकडे, केस धुणं हेल्परकडे, असा सगळीकडचा रिवाज. सकाळपासून रात्रीपर्यंत एकामागून एक डोकी धुताना पाणी आणि शॅम्पू त्वचेवरचा तेलकट थर काढून टाकतात. तो गेला की रंग, ब्लीच, पर्मिंगची द्रव्यं आत शिरायला वाट मोकळी. दिवसाला दोन तासांहून जास्त वेळ हात ओले राहत असतील, किंवा वीसपेक्षा अधिक वेळा धुतले जात असतील, तर त्याला त्वचारोगशास्त्रात ‘ओलं काम’ म्हणतात आणि ते धोक्याचं मानतात. गर्दीच्या दिवसांत हेल्पर मुलगी ही मर्यादा जेवणाआधीच ओलांडते.

म्हणून माझ्या मते सलूनच्या मालक-मालकिणींच्या हातातलं सर्वांत स्वस्त औषध म्हणजे ड्यूटीचा तक्ता. केस धुण्याचं काम तीन-चार जणींत फिरवा. एकीने तासभर धुतले की पुढचा तास ब्लो ड्राय, काउंटर, टॉवेलच्या घड्या, काहीही कोरडं. सीनियरनेही दिवसातून चार डोकी धुतली तर तिची पत कमी होत नाही.

हातमोज्यांबद्दल दोन उत्तरं नेहमी ऐकू येतात. कस्टमरला आवडत नाही, आणि खर्च होतो. पहिल्यात फारसं तथ्य नाही. करोनानंतर लोकांना मोज्यांची सवय झाली आहे. दुसरं खरं आहे, पण तो खर्च धंद्याचा आहे, मुलीच्या पगारातून कापायचा नाही. रंग लावताना नायट्राइलचे मोजे वापरावेत, कारण पातळ लॅटेक्समधून रंगातलं द्रव्य आत जाऊ शकतं. वापरलेला मोजा उलटा करून पुन्हा घालू नये. तसं केलं की रंग थेट कातडीला लागून आत कोंडला जातो, आणि ते मोजा न घालण्यापेक्षा वाईट.

रंगाविषयी एवढी काळजी का? साबण-पाण्याने होणारा इसब हातांना विश्रांती मिळाली की बहुधा आवरतो. पण काळ्या-तपकिरी हेअर डायमधल्या पीपीडी नावाच्या द्रव्याची अ‍ॅलर्जी एकदा जडली की ती सहसा जन्मभर राहते. मग कणभर रंगही सोसत नाही. बाविसाव्या वर्षी, फी भरून कोर्स केल्यानंतर, ‘हे काम तुला जमणार नाही’ असं एखाद्या मुलीला सांगावं लागतं तेव्हा तिच्यासोबत आलेल्या आईचा चेहरा पाहवत नाही. साध्या इसबाकडे लवकर लक्ष देणं हाच ही वेळ टाळण्याचा मार्ग आहे, कारण फाटलेल्या त्वचेतून अ‍ॅलर्जी जडायला वेळ लागत नाही.

हातांपेक्षा कमी दिसणारा त्रास फुप्फुसांचा. ब्लीच पावडरमधल्या परसल्फेटमुळे दमा होऊ शकतो. खोकला आणि धाप अनेकदा संध्याकाळी किंवा रात्री लागते, त्यामुळे कामाशी संबंध कोणाच्या लक्षात येत नाही. केस सरळ करण्याच्या, म्हणजे केराटिन वगैरे नावांच्या अनेक उपचारांत तापवल्यावर फॉर्मल्डिहाइड बाहेर पडतो. हा वायू माणसात कर्करोग घडवतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ठरवलं आहे. बाटलीवर ‘फॉर्मल्डिहाइड-फ्री’ लिहिलेलं असलं तरी निर्धास्त राहू नये. अमेरिकेत २०११मध्ये सरकारी तपासणीत असा दावा करणाऱ्या उत्पादनांतही तो सापडला होता. स्प्लिट एसी खोलीतली तीच हवा फिरवतो. एक्झॉस्ट पंखा आणि उघडी खिडकी हवीच, आणि गरोदर मुलीला या कामावर लावू नये. ‘लावू नये’चा अर्थ ‘काढून टाकावं’ असा नाही. तिला बसून करायचं काम द्यावं.

बसण्याचंही तसंच. दुकानातल्या कर्मचाऱ्यांना बसायला जागा मिळावी यासाठी केरळने २०१८मध्ये आणि तमिळनाडूने २०२१मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. आपल्याकडे कित्येक सलूनमध्ये स्टूल असतं, पण कस्टमर नसतानाही त्यावर बसलं की मॅडम बघतात. दहा-दहा तास उभं राहिल्याने पायांच्या शिरा फुगतात आणि कंबर धरते.

दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या सलूनला राज्य विमा योजना, म्हणजे ईएसआय लागू होते. महिना २१ हजार रुपयांपर्यंत पगार असलेल्यांसाठी मालकाने सव्वातीन टक्के आणि कर्मचाऱ्याने पाऊण टक्का भरायचा असतो. त्यात उपचार, आजारपणात पगाराचा काही भाग आणि बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा येते. छोट्या पार्लरमधल्या मुली याच्या बाहेर राहतात, आणि संख्येने त्याच जास्त आहेत. हात बिघडलेत हे सांगितलं की घरी बसवतील या भीतीने त्या गप्प राहतात आणि तीन-चार महिने उशिरा येतात.

कामाशी संबंध ओळखायची एक सोपी खूण आहे. आठवड्याच्या एका सुट्टीने फरक कळत नाही, पण पंधरा दिवस गावी गेल्यावर हात सुधारले आणि परतल्यावर आठवड्यात पुन्हा बिघडले, तर कारण कामातच शोधायचं. अशा वेळी त्वचारोगतज्ज्ञाकडे पॅच टेस्ट करून घ्यावी. अनेक वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत ती होते. संशयित द्रव्यं पाठीवर चिकटवून दोन दिवस ठेवतात, तेवढे दिवस पाठ भिजवायची नाही. येताना पार्लरमधल्या शॅम्पू, डाय आणि ब्लीचच्या बाटल्यांवरच्या लेबलांचे फोटो मोबाइलमध्ये काढून आणावेत.