वस्तीवरची कामे आणि सापांचा शेजार

धाराशिव जिल्ह्यात शेतवस्तीवर राहणाऱ्या ज्येष्ठांचा दिवस गोठ्यातून सुरू होतो. शेण काढणे, कडबा घालणे, गोवऱ्या आणणे ही कामे शरीर चालते ठेवतात. ती सोडण्याचे कारण नाही. मात्र कडब्याच्या गंजीत आणि सरपणात उंदीर राहतात व उंदरांमागे साप येतात, हे आपण ध्यानी ठेवावे.

गंजीत हात घालण्यापूर्वी काठीने हलवून पाहावे. पहाटे गोठ्यात जाताना पायांत बूट आणि हातात बॅटरी असावी. दृष्टी अधू असलेल्यांसाठी घरच्यांनी सरपण आदल्या दिवशी उजेडातच काढून ठेवावे.

घोणस चावली की तीव्र वेदना व सूज येते. मण्यार मात्र रात्री, बहुधा जमिनीवर झोपलेल्यांना चावते. वेदना किंवा खूण आढळेलच असे नाही. पहाटे पोटात दुखणे, पापण्या मिटू लागणे, गिळता न येणे ही लक्षणे वृद्धांमध्ये पित्ताची किंवा अर्धांगवायूची समजली जातात आणि मोलाचा वेळ जातो. म्हणून खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपावे.

दंशाची शंका आली तरी थांबू नये. आवळून दोरी बांधू नये, जखम कापू नये, साप शोधत बसू नये. अंगठ्या, बांगड्या, जोडवी काढावीत, अवयव स्थिर ठेवावा आणि 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून प्रतिविष उपलब्ध असलेले रुग्णालय गाठावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास डॉक्टरांना आवर्जून सांगावे.